तळ्याची वाट मागताना

माझा जल्म मेंढरांमागंच झाला, कुठल्या गावात ती इचारू नगा, आई सांगायची, कडेगावच्या अंगाला उसाच्या बांधावर तू झालीस, दुसऱ्या दिशी तुला पाटीत घातलं आन म्होरं निगालो. लगीन करून हिकडं कवठे महांकाळच्या बाजूला आले, समदा माळ, आता थोडी शेती हाय, थोरला कुपवाडला कारखान्यात जातोय, पर मेंढरं काय सुटली न्हाईत.

तर काय सांगू तुमाला ताई, औंदाच्या उन्हाळ्याआदी पंचायतीनं काढलं, गावच्या तळ्याला तारंचं कुंपन घालायचं, भवतीनं फिरायला रस्ता, बसायला बाकडी. करा की, कोन नगं म्हनतंय, पर आमच्या मेंढरांनी पानी प्यायचं कुठं? दुसरं पानी लय लांब, आन चैताच्या उन्हात गाभन मेंढी तितकी चालंल व्हय वो? मी गेले ग्रामसभेला आन उठले ती भांडतच. तुमच्या बाकड्यांना आग लागली म्हनले, गरिबाच्या पोटावर उठलाय म्हनले, रडले बी. सरपंच हसला. म्हनला, मावशी, तुमाला पायजे काय ती तरी सांगा. आन खरं सांगते, इतकं वरडून बी मेंढरांना वाट ठेवा ही मी म्हनलेच नव्हते.

घरला आले तर मामा बसल्यालं, मामा म्हंजे माझं सासरं, आता लय थकल्यात, पर आमच्या लोकांची भांडनं त्येंनीच मिटवायची. आमच्यात रीत हाय, एकाची मेंढरं दुसऱ्याच्या रानात घुसली, बैठक बसली, तर आपलं गाऱ्हानं सांगायच्या आदी समोरच्याचं गाऱ्हानं आपल्या तोंडानं सांगायचं, त्यो व्हय म्हनंस्तवर सांगायचं, मग आपली पाळी. मामा म्हनलं, तू शिव्या दिल्यास, मागितलंस कवा? एकच मागनं माग. का मागतीस ती सांग. नुसतं सांगून कोन ऐकतंय, त्येंच्या डोळ्याम्होरलं काय तरी दाखीव. पर समद्याच्या आदी त्येंचं म्हननं मांड. मला तर चीड आली, जो मला हुसकतोय त्येचंच मी बोलू व्हय?

पर फुडच्या सभेला बोलले. तळ्याला लागून एका आबांची द्राक्षबाग हाय, कुंपनाचा हट्ट त्येंचाच. म्हनले, आबा, तुमचं म्हननं आसं, मेंढरं पान्यात उतरत्यात, पानी गढूळ व्हतंय, लेंड्या पडत्यात, बायकांनी पानी भरायचं कसं. बराबर? आबा म्हनलं, व्हय. मी म्हनले, खरं हाय, मी बी त्येच पानी भरते. म्हनून मेंढरं तळ्यात उतरनार न्हाईत. तळ्याभाईर मेंढरांना प्यायला शिमिटाची एक डोनी बांधा, नळीनं पानी सोडा, तिथवर कळपापुरती वाट ठेवा, एवढंच मागनं. का, तर गाभन मेंढी उन्हात लांब चालली की गाभडती, पोटातलं कोकरू जातं. आन घान म्हनता, तर खतासाठनं मेंढरं बागंत बसवाय दर साली सांगावा कोन धाडतं आबा? लेंडी तुमच्या बागंत पडली की खत, आन तळ्यावर पडली की घान? जाऊन बागंचा माल बगा.

टाळ्या पडल्या. कुनी तर मोबाईलात बी धरलं. सरपंच म्हनला, मावशी लय भारी बोलल्या, बगू, इचार करू. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. खाली बसलेच न्हाई. म्हनले, टाळ्या मेंढरं पीत न्हाईत, माझं चुकलं काय ती सांगा, न्हाईतर व्हय म्हना. शेवटाला आबाच खाली बगून म्हनलं, द्या तिला वाट.

झाली डोनी, पित्यात मेंढरं. लोकं म्हनत्यात, हिराबाई वकील झाली. पर माझा राग काय गेला न्हाई. बाकडी कशाला, रस्ता कशाला, ही कुनी इचारलं का? न्हाई. आन तहान लागली तर मागनं मांडा, कारन सांगा, दाखला द्या, वर त्येंचंबी म्हननं आमीच बोलायचं. मामा म्हनत्यात, सोड पोरी आता. सोडते. पर तुमाला तेवढं म्हनते ताई, तुमच्या लेकराबाळांस्नी बोलाय यावं, लय चांगलं यावं, पर पान्यासाठनं बोलायची येळ त्येंच्यावर कवा यिऊ नये.