ग्लायसीन का सलाईन?

...अहो, तुम्हीच सांगा, पाणी काय माणसानं निवडायची चीज हाय? तहान लागली, पिलं, संपलं! पण मी हिमायतनगरचा सटवाजी, नांदेडच्या दवाखान्यात लघवीची नळी लावून पडलेला, प्रोस्टेटची गाठ फुगलेली, आन डॉक्टर मलाच विचारून राहिले, "काका, गाठ खरवडताना आत सारखं पाणी सोडावं लागतं. आमच्या जुन्या मशीनला ग्लायसीनचं पाणी. ते रक्तात जास्त शिरलं तर अंगातलं मीठ उतरतं, माणूस बरळतो. लातूरला नवी मशीन आहे, ती सलाईनवर चालते, त्यात मीठ उतरायची भीती नाही, पण जास्त गेलं तर हृदयावर ताण. बोला, काय करू?"

आता मला काय कळतंय हो पाण्यातलं?

पोरगा भागवत म्हणतो, "लातूरला जाऊ." मंडळी म्हणते, "साधं उकळून गार केलेलं चालत न्हाई का?" डॉक्टरनी कपाळाला हात लावला, "काकू, साध्या पाण्यानं रक्तातल्या पेशी फुटतात!" इकडं नळी ठिबकून राहिली... शेवटी म्हणलं, "सायेब, तुम्हीच ठरवा, मला काय कळतंय पाण्यातलं?"

"गाठ लहान आहे, ग्लायसीनवर लवकर उरकतो. भूल फक्त कमरेखाली. तुम्ही बोलत राहायचं. बोलणं भरकटलं की मी थांबलो!"

झालं! भूल देणाऱ्या मुग्धा मॅडम डोक्याशी बसल्या. "काका, नाव?" सटवाजी. "गाव?" हिमायतनगर. "शेतात काय?" हळद. "बायकोचं नाव?"

...आता बगा! आमच्यात बायकोचं नाव कुणी घेतंय का? उभ्या जन्मात न्हाई घेतलं! म्हणलं, "भागवतची माय." "तसं नाही काका, नाव!" मी इकडं बगतो, तिकडं बगतो, लाजून दरदरून घाम... आन मॅडम वरडल्या, "सर, थांबा! पेशंट गोंधळलाय! सोडियम बघा!" पाणी बंद, मशीन बंद, सुई घेऊन पळापळ, डॉक्टर पांढरेफटक! मला काय कळतंय पाण्यातलं, पण आपण चाललो, एवढं बराबर कळलं! छत हालंल असा वरडलो, "तारामतीऽऽऽ!"

रिपोर्ट आला, मीठ जागेवर. डॉक्टर हसले, राहिलेली गाठ काढली. सगळं नीट झालं हो, देवाची दया!

पण आतल्या एका नर्सबाईनं भायेर जाऊन मंडळीला सांगितलं की सगळं! मला वाटलं, लई खूश होईल. स्ट्रेचरपाशी आली, पदर तोंडाला लावला, आन म्हणती कशी, "इतक्या वर्षांत एकदा नाव घेतलं, ते बी सुई बगून!"