स्कार्फ

भुसावळचा बसस्टँड, मे महिना. माझ्या मागच्या बाकावर दोन बायका, दोघींच्या तोंडाला स्कार्फ.

"नोकरी लागली ना मेघा? मग तोंड का पाडलंस?"

"तोंड कुठं दिसतंय, अक्का?"

"आवाजावरून कळतं."

"साड्यांच्या दुकानात, काउंटरवर. शेठनी मला स्टेशनवर पाणी वाटताना पाहिलं. म्हणाले, अशी बोलकी पोरगी पाहिजे."

"बघ. चेहरा भाजल्यापासून दाराबाहेर पडत नव्हतीस. मीच ओढत नेलं तुला पाणी वाटायला."

"तिथं सोपं होतं. गाडीच्या खिडकीतली माणसं बाटलीकडं बघतात. आणि उन्हात सगळ्यांचीच तोंडं बांधलेली."

"शेठला सांगितलं नाहीस?"

"आज तेच सांगायला गेले. ते म्हणाले, दुकानात एसी आहे, उद्यापासून स्कार्फ लागणार नाही."

"मग?"

"मी नुसतं हो म्हणाले."

"अगं, मग उद्या काय करशील?"

"दुकानाआधी प्लॅटफॉर्मवर जाईन. तोंड उघडं ठेवून पाणी देईन. लोकांनी बाटल्या पुढं केल्या तर दुकानात जाईन."

"आणि मागं घेतल्या तर?"

"गाडी तरी निघून जाते, अक्का."