जो कमी ओरडेल तो

…अहो, बंद पडली तर पडू दे, त्यात माफी कसली मागताय? क्लच एकदम सोडला की गाडी बंद पडते. गाडीला त्याचं वाईट वाटत नाही, मलाही नाही. फिरवा किल्ली पुन्हा. आणि हे 'सॉरी' प्रकरण उद्यापासून घरी ठेवून या, मॅडम – माझ्या गाडीत तो शब्द चालत नाही. एकवीस वर्षं तोच विकून खाल्लाय मी. हॉटेलात होतो ना. काय म्हणून? ड्युटी मॅनेजर. नाव मोठं, लक्षण खोटं – गिऱ्हाईक भडकलं की त्याच्यापुढे करायचं तोंड, ते माझं. रीतसर शिकवतात बरं का, आरशासमोर उभं करून. मान किंचित तिरकी, हात छातीवर, आवाज खाली, आणि 'आपली जी गैरसोय झाली त्याबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत.' झालं. त्या 'आम्ही'त कोण कोण असतं हे मला एकवीस वर्षांत कळलं नाही. हं, पहिला गिअर. हळू. चला.

गिऱ्हाइकं? नावच काढू नका. घरी बायकोपुढे ब्र काढायची टाप नसलेला माणूस आमच्या काउंटरवर आला की वाघ व्हायचा. एकाने मला वर बोलावून घेतलं, का, तर सकाळी खिडकीबाहेर पक्षी ओरडतात, ते बंद करा. मी म्हटलं, बघतो सर. आता काय बघणार होतो मी, पक्ष्यांना नोटीस काढणार होतो? पण खाली आलो आणि वहीत लिहिलं – खोली अमुक, तक्रार पक्षी, कारवाई चालू. दुसरी एक बाई – साबण ओला लागला म्हणून रडली. रडली हो, खरंच. आणि मी हात छातीवर. तुम्हाला सांगतो, असल्या लोकांपुढे वाकून वाकून माझ्या पाठीचा कणा कुठे गेला ते डॉक्टरांनाही सापडलं नसतं. इथे बरंय. इथे माणूस चुकला की चुकलास म्हणता येतं. परवा एक इंजिनियर शिकायला आला होता, त्याला मी तीनदा गाढव म्हणालो आणि शेवटी तोच मला थँक्यू म्हणून गेला.

समोर बघा, माझ्याकडे नको. हा बघा, घुसला टेम्पोवाला. आणि तुम्ही काय केलंत? थांबलात, वर हसलात त्याच्याकडे बघून. त्याच्या मागनं दोन स्कूटरी, त्यांनाही जागा. एकूण एक गाव पुढे जाऊ दे, मग आपण निघू, असंय का? राग येत नाही तुम्हाला? नाही म्हणे. मला वाटलंच. तुमच्यासारखी माणसं मी दारातून आत येतानाच ओळखायचो, तो माझा धंदाच होता. मुकी बिचारी कुणी हाका. वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्यासारख्यांची मला भयंकर चीड आहे. तुम्ही लोक ओरडत नाही म्हणून बाकीचे माजतात.

ओळखायचो म्हणजे कसा, सांगतो. डावीकडे घ्या आधी, सेकंड टाका. तर – हॉटेलात दोनशे खोल्या असल्या तर दोनशे दहा विकायच्या. हो, सरसकट. दहा-बारा लोक येतच नाहीत, हा हिशेब. पण एखाद्या दिवशी सगळेच उगवतात. मग दहा जणांना बाहेर काढायचं, दुसऱ्या कुठल्या तरी भिकार हॉटेलात पाठवायचं. आम्ही त्याला पाठवणी म्हणायचो. आता कोणाची करायची पाठवणी? जो आधी आला तो राहील, उशिरा आला तो जाईल, असं वाटेल तुम्हाला. छे. जो कमी ओरडेल तो जातो. एकटा माणूस, वयस्कर, बॅगेला दोरी बांधलेली, काउंटरपाशी आल्यावर आधी स्वतःच नमस्कार करणारा – तो. आवाज चढवणारा नाही, ओळखी सांगणारा नाही. गरीब गाय बघायची आणि तिला दुसऱ्या गोठ्यात धाडायची. वर ती गायच आभार मानायची, तुम्ही फार धावपळ केलीत म्हणून. आणि निवडायचं काम माझ्याकडे, कारण माझी नजर कधी चुकली नाही. नवीन पोरं विचारायची, साहेब, तुम्हाला कसं कळतं? अभिमान वाटायचा मला. काय ती अक्कल आणि कसला तो अभिमान.

काय? हो, रोज हीच गल्ली. का म्हणजे? चढ आहे, वळण आहे, वर्दळ नाही, शिकायला चांगली. बाकीच्यांनाही इथूनच नेतो. हळू, सेकंडलाच ठेवा, त्या निळ्या फाटकापर्यंत तिसरा टाकायचा नाही. कोणी नाही राहत तिथे. म्हणजे राहतं, माझी बहीण राहते. मोठी. नाही, जात नाही मी, वेळ कुठे असतो. तीन वर्षं झाली. भांडण? तिच्याशी? अहो, तिच्याशी भांडायला माणूस जन्माला यायचाय. तीच तर तक्रार आहे माझी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, ताई पंधराची. माझ्या शाळेत पालकांना बोलवायचे तेव्हा ही आईच्या उंच टाचांच्या चपला घालून यायची, मोठी दिसावी म्हणून. पायाला दोन बोटं सैल. खुरडत यायची वर्गापर्यंत, आणि माझ्याबद्दल मास्तर बोलतील ते खाली मान घालून ऐकून घ्यायची. तेव्हाही वाटायचं, अगं, एकदा तरी उलट बोल.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं, जेवणाचा हॉल आमच्याच हॉटेलात घेतला. माझा भाऊ साहेब आहे तिथे, असं व्याह्यांना सांगून. वर्षभर आधी घेतला होता, मोठ्या खिडक्यांचा, वरच्या मजल्यावरचा. आणि लग्नाच्या चार दिवस आधी एका कंपनीला नेमका त्याच दिवशी वरचा एक हॉल हवा झाला. वर तीन हॉल, तीन पार्ट्या आधीच ठरलेल्या. एक कोणीतरी खाली जायला हवं – खाली म्हणजे तळघरात, धुलाईखान्याला लागून, भिंतीपलीकडे मशिनं चालू. एक पार्टी कंत्राटदाराची, तो खुर्च्या फेकणारा. दुसरी वकिलाची. तिसरी ताईची. मोठ्या साहेबांना ठाऊकही नव्हतं ती माझी कोण ते. त्यांनी एवढंच विचारलं, कोण कमी ओरडेल? आणि मी – एक क्षणसुद्धा लागला नाही हो – ताईचं आडनाव सांगितलं. मग आठवलं की ही आपली बहीण.

मग काय, तिला सांगितलं एसी बिघडलाय वरचा. तळघरात पंगती उठल्या, साबणाचा वास, मशिनांचा घुमघुम, विहीणबाई मेनूकार्डाने वारा घेतायत. ताई माझ्याकडे आली, घाबरली होती, म्हणाली, बघ ना रे काही होतं का. आणि माझी मान तिरकी झाली, मॅडम. हात छातीवर गेला. 'आपली जी गैरसोय झाली…' सख्ख्या बहिणीला. सगळं वाक्य पुरं केलं मी, एक शब्द गाळला नाही, आणि दोन दिवस फुकट राहायचं कुपन तिच्या हातात ठेवलं. तिने कुपन पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "अरे, मला आपण-बिपण नको म्हणू, परकं वाटतं." आणि गेली, आणि व्याह्यांना सांगत सुटली की माझ्या भावाने जिवाचं रान केलं, एसीच बिघडला त्याला तो काय करणार. अजून तेच सांगते सगळ्यांना. तीन महिन्यांनी नोकरी सोडली मी. लोकांना सांगतो, उभं राहून पाय सुजायचे.

तर म्हणून म्हणतो, तुम्ही गप्प बसणारी माणसं – तुम्हीच आम्हाला बिघडवता. तिने त्या दिवशी एक थोबाडीत दिली असती तर… ब्रेक. ब्रेक, ब्रेक दाबा. हं. बरोबर मारलात, पहिल्यांदाच. कोण म्हणजे, तीच ती. ताई. मध्येच काय रस्त्यात येऊन उभी राहिली ही. काच वर घ्या. मागे घ्या गाडी, मागे – रिव्हर्स अजून घेतलाच नाही आपण, कर्म माझं. काच वर घ्या म्हणतोय ना.

काही नाही ताई, क्लास चालू आहे… हो, जेवून निघालो… कोणी सांगितलं तुला? रोज? रोज बघतेस? मग हाक नाही का मारायची… कामात होतो खरा, पण म्हणून तू तीन वर्षं… नाही, आत नको. उद्या येतो. नाही, उद्या नाही येणार मी, मला माहितीय.

मॅडम, उतरा तुम्ही. आजचा क्लास झाला. कोपऱ्यावर बस मिळेल, हँडब्रेक ओढा आणि उतरा. बघत काय बसलात, जा ना.

ताई, ऐक. एसी चालू होता.