चौदापैकी आठ पॉइंट सहा

...नाही, परक्याने फसवलं असतं ना, तर सोडलाच नसता त्याला! पण सख्ख्या बापाने? तेही प्रेमाने? आता भांडू कोणाशी, सांगा ना!

तुम्हाला सांगते, मी मातीचंच शिकलेय. चार वर्षं! आमचे सर पहिल्याच तासाला टेबल आपटून म्हणाले, "माणसं खोटं बोलतील, माती खोटं बोलत नाही." मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मूर्ख!

घरामागे आमचा जमिनीचा तुकडा आहे, पडीक. तिथे मोठ्या काकांना गोदाम बांधायचंय. काकांनी नुसता घसा खाकरला तरी अख्खं घर गप्प होतं. "चार वर्षं शिकून पोरगी काय करणार? चिखल!" मी म्हटलं, एक वर्ष द्या, स्ट्रॉबेरी काढून दाखवते. आणि माझे बाबा, जे काकांसमोर शिंकतसुद्धा नाहीत, ते चक्क उभे राहिले. "दादा, एक वर्ष दे तिला." मला इतकं भरून आलं... तेव्हाच सावध व्हायला हवं होतं!

तर आधी माती तपासणी. आठ ठिकाणी वीतभर खड्डे खणले, सगळीकडची माती एकत्र केली, व्हरांड्यात वर्तमानपत्रावर सावलीत वाळत घातली. सकाळी बघते तर पिशवी भरून, तोंड बांधून तयार! बाबा म्हणाले, "मी भरली गं, तू दमली होतीस." किती गोड, नाही?

तीच पिशवी प्रयोगशाळेत दिली. रिपोर्ट आला. सामू पाच पॉइंट दोन! सामू म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा हो, शून्य ते चौदा. सातच्या खाली आंबट, सातच्या वर अल्कली. आता तुकड्यावर पांढरे पापुद्रे आलेले मला दिसत नव्हते का? दिसत होते! म्हणजे माती अल्कलीच असणार, हे कळत नव्हतं का? कळत होतं! पण कागदावर शिक्का होता... आणि माती खोटं बोलत नाही ना! मग आंबटपणा मारायला काय टाकतात? चुना. टाकला. चार पोती, स्वतःच्या हाताने!

महिन्याभरात चारशे रोपं पिवळी. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. अल्कली मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्याची ही खूण. परीक्षेत हेच चित्र काढून मी दहापैकी दहा घेतलेत! आणि काका? टेप घेऊन बांधावर. गोदामाचं माप घेत!

मी भडकले. म्हटलं, आत्ता जाते प्रयोगशाळेत, त्या माणसाची खुर्चीच उलटी करते! तर बाबा दारात आडवे. "त्याला नको गं बोलूस... त्याची काय चूक?" मग कोणाची? "अगं, ती तू वाळत घातलेली माती... बघवत नव्हती. खडे काय, पापुद्रे काय. चार शिकलेली माणसं बघणार, तुझं नाव पिशवीवर. म्हणून मी दुसरी भरली. चाळून!"

कुठली?

"आईच्या कुंडीतली. काळीभोर!"

ज्या कुंडीत आई सहा वर्षं चहाचा चोथा टाकतेय, ती! फोटोआधी पोराच्या तोंडाला पावडर लावतात, तशी माझ्या बापाने माती नटवून पाठवली हो! काका मागून म्हणाले, "मग आता स्ट्रॉबेरी कुंडीतच लाव." आणि हसले. काका! हसले!

माती खोटं बोलत नाही म्हणे. आमच्या घरात तिला बोलू देतंय कोण?

पुन्हा खणलं, पिशवी कपाटात कुलूप लावून ठेवली, स्वतः नेऊन दिली. सामू आठ पॉइंट सहा. संपलं! स्ट्रॉबेरीला हवा सहाच्या आसपास, म्हणजे आता आकडा उतरवायला गंधक टाका, शेणखत टाका, वर्षभर वाट बघा. ते वर्ष देणार कोण? मी तोंड पाडून बसले, तेवढ्यात बाबा रिपोर्ट उचलून धावत काकांकडे. "दादा, बघ! आधी पाच पॉइंट दोन होते, आता आठ पॉइंट सहा! चौदापैकी! पोरीने चार महिन्यांत मातीला फर्स्ट क्लासात आणलंय!"

काकांनी चष्मा लावला. बोटांवर टक्केवारी काढली. घसा खाकरला. "एकसष्ट टक्के... हं. घे आणखी एक वर्ष."

मी तोंड उघडलं. अगदी पूर्ण उघडलं हो! सर आठवले, वही आठवली, त्या दोन रेघा आठवल्या... आणि मिटलं.

आता गंधक टाकतेय. वर्षाने आकडा सहावर आला, तर स्ट्रॉबेरी लालभडक होईल, आणि घरात मी नापास!