कुंडलिक वाबळे यांच्या नावाचे घड्याळ

जबाब
पोलीस ठाणे, इंदापूर
दि. १४/०२/२०२५

नाव संस्कृती इंद्रजित ननवरे, वय ३३ वर्षे, धंदा जुनी घड्याळे दुरुस्ती व विक्री, रा. बारामती, जि. पुणे.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, मला विचारण्यात आले त्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती व सासू यांच्यासह राहते. बारामतीत माझे घड्याळांचे दुकान आहे. माझ्याकडे दोन प्रकारची जुनी घड्याळे येतात. एक म्हणजे कंपनीतून निघाले तसेच राहिलेले. दुसरे म्हणजे एकाची केस म्हणजे बाहेरची डबी, दुसऱ्याचे मशीन, तिसऱ्याचे काटे आणि नव्याने रंगवलेली तबकडी घालून जुन्यासारखे केलेले. त्याला आम्ही जुळवणीचे घड्याळ म्हणतो. मी दोन्ही विकते. जुळवणीचे असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगूनच देते.

सोमवार दि. १० रोजी सकाळी इंदापूर पोलीस ठाण्यातून मला फोन आला की, एक घड्याळ पाहून अस्सल आहे की कसे ते सांगायचे आहे. मी एस.टी.ने दुपारी पोहोचले. फौजदार साहेबांनी सांगितले की, उजनी धरणाच्या फुगवट्यात पळसदेवच्या बाजूला एका पुरुषाचे प्रेत मिळाले असून ते सरकारी दवाखान्यात ठेवले आहे. अंगावर मार नाही, बुडून मृत्यू आहे. चेहरा ओळखण्यासारखा राहिलेला नाही. मनगटावर घड्याळ होते व त्याच्या मागच्या झाकणावर नाव कोरलेले आहे. लासुर्णे येथील कुंडलिक सावळाराम वाबळे, वय ६९, हे मागच्याच्या मागच्या दिवाळीपासून बेपत्ता आहेत. ते वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. नोकरीची पंचवीस वर्षे झाल्यावर त्यांना ते घड्याळ मिळाले होते. त्यांना विसरण्याचा आजार होता व घर सोडताना तेच घड्याळ त्यांच्या हातात होते. त्यांच्या मुलाचे रक्त तपासणीला पाठवले आहे, पण अहवालाला वेळ लागेल. घड्याळ त्यांचेच असल्याचे ठरले तर प्रेत आजच ताब्यात देता येईल.

टेबलाजवळ मुलगा सुयोग वाबळे उभा होता. बाहेर बाकावर त्याची आई कुशाबाई बसलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांच्या भावकीतील बायका होत्या.

घड्याळ प्लास्टिकच्या पिशवीत होते. काचेच्या आतून गाळ व वाफ धरल्याने तबकडी दिसत नव्हती. मी ते उलटे केले. झाकणावरचे नाव वाचले. मग मी प्यायला पाणी मागितले.

साहेब म्हणाले, "मॅडम, एवढंच सांगा, हे झाकण कारखान्यानं दिलेलं आहे का?"

मी म्हणाले, "झाकण अस्सल आहे. कोरीव काम जुनं आहे. पण घड्याळ उघडल्याशिवाय मी जबाब देणार नाही."

साहेबांनी विचारले, त्याने काय फरक पडतो. मी सांगितले की, झाकण हा घड्याळाचा एक भाग झाला. नाव झाकणावर आहे, घड्याळावर नाही.

सुयोग वाबळे मला म्हणाला, "ताई, नाव समोर हाय. माझ्या बापाचं नाव मी लहानपणापासनं त्या झाकणावर वाचलंय. आईनं चार दिवस झालं पोटात काय घेतलं न्हाय. आमाला माती उरकू द्या. तुमी हो म्हना, बास."

मी माझी अवजारे काढून टेबलावर ठेवली. तो जवळ येऊन पुन्हा म्हणाला, "हितं तुमचं काय जातंय?" साहेबांनी त्याला मागे व्हायला सांगितले.

पंचांसमक्ष मी झाकण उघडले. आत पाणी होते. मशीन तारीख दाखवणाऱ्या घड्याळाचे होते. काच काढल्यावर तबकडी दिसली. तबकडीला तारखेची खिडकीच नव्हती. म्हणजे मशीन एका घड्याळाचे व तबकडी दुसऱ्याची. तबकडीचा रंग पाण्याने उठून आला होता, तरी मराठी आकडे दिसत होते. मशीन केसपेक्षा लहान असल्याने मधली फट भरायला एक पितळी कडे बसवलेले होते. कड्याची एक बाजू कानशीने जास्त घासली गेली होती व तिथे पत्र्याची बारीक चकती सरकवलेली होती.

ते कडे मी घासलेले आहे. चकतीही मी घातलेली आहे.

मी साहेबांना सांगितले की, हे घड्याळ जुळवणीचे आहे. यातले झाकण कुंडलिक वाबळे यांचे आहे, बाकी काहीही त्यांचे नाही. मागील उन्हाळ्यात सुट्या भागांच्या डब्यात मला हे झाकण मिळाले व त्यावर मीच हे घड्याळ जुळवले.

साहेबांनी विचारले, "विकलं कुणाला?"

मी झाकण परत पिशवीत ठेवले. साहेबांनी पुन्हा विचारले. मी सांगितले की, ते बापूसाहेब यशवंत शेळके, वय ६६, निवृत्त चित्रकला शिक्षक, रा. कन्हेरी, ता. बारामती यांना मागील दसऱ्याला दिले.

शेळके सर एकटेच राहत होते. त्यांचा माझ्याशी रक्ताचा संबंध नाही. मी दुकान टाकले तेव्हाचे ते माझे पहिले गिऱ्हाईक. दुपारी ते दुकानात येऊन बसत. मी जुळवलेले घड्याळ हातात घेऊन कुठला भाग कुठून आला ते ओळखायचा प्रयत्न करत व बहुतेक वेळा चुकत. मराठी आकड्यांची तबकडी त्यांनीच मागितली होती. झाकणावरचे नाव घासून काढू का, असे मी विचारले होते. ते म्हणाले होते, "राहू दे की. कुणीतरी एवढी वर्षं राबून मिळवलंय ते. आपण कशाला पुसायचं?" थंडीत ते फुगवट्यावर पक्षी बघायला जात. जानेवारीच्या शेवटी तसेच जातो म्हणून सांगून गेले होते. नंतर त्यांचा फोन लागत नव्हता. ते अधूनमधून सोलापूरला मित्राकडे राहत असत, त्यामुळे तिकडेच असतील असे मला वाटले.

साहेबांनी मला प्रेतावरील कपडे दाखवले. पँट, सुती शर्ट व हाताने विणलेला निळा बिनबाह्यांचा स्वेटर. वाबळे यांच्या घरच्यांनी हे कपडे आपले नाहीत, पण सव्वा वर्षात कोणी दिले असतील, असे सांगितले होते. स्वेटर माझ्या सासूबाईंनी शेळके सरांसाठी विणलेला आहे. मी ओळखला.

त्यानंतर मी बाहेर आले. कुशाबाईंनी माझा हात धरला व विचारले, "बाळ, त्यांचंच हाय का गं?" मी खाली बसून त्यांना सांगितले की, नाही, झाकण तेवढे त्यांचे आहे, माणूस ते नाहीत. बरोबरच्या बायका आपसात बोलू लागल्या. कुशाबाईंनी त्यांना हाताने थांबवले. मग म्हणाल्या, "मग दवाखान्यात हाय ते कुणाचं माणूस?"

मी म्हणाले, "माझ्या ओळखीचे होते."

त्यांनी माझा हात सोडला नाही.

सुयोग बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तो म्हणाला, "मग आबांच्या हातातनं झाकण निघालं कसं? कुणी मारून तर काढलं न्हाय?" हा प्रश्न माझ्याही मनात होता. घर सोडताना घड्याळ त्यांच्या हातात होते आणि मला झाकण मिळाले ते त्यानंतर. म्हणजे मधल्या काळात वाबळे यांना कोणीतरी पाहिलेले असणार. मी साहेबांना सांगितले की, सुट्या भागांचा डबा मी इंदापूरच्या आठवडी बाजारात भंगार घेणारा मानसिंग मोहिते याच्याकडून घेतला होता व मी त्याला ओळखते.

मंगळवारी साहेब व मी मानसिंगच्या गोदामावर गेलो. सुयोग आमच्यामागे मोटारसायकलवर आला. पोलीस पाहून मानसिंगने प्रथम असा डबा दिल्याचेच नाकारले. "मी घड्याळाचं काय घेत न्हाय, साहेब. पत्रा आन् बाटल्या घेतो," असे तो म्हणाला. सुयोगने त्याची कॉलर धरली. साहेबांनी सोडवले. मी मानसिंगला म्हणाले, "तुला चोर ठरवायला आलेलो नाही. एक म्हातारा माणूस हरवलाय. झाकण त्याचं होतं. तो जिवंत आहे की नाही, एवढं तुझ्यामुळं कळेल."

मानसिंग खाली बसला. त्याने सांगितले की, भिगवण रस्त्याच्या आत एक डाळिंबाची बाग आहे. तिथे टेम्पो घेऊन गेला असता बागवाल्याच्या बायकोने इतर भंगारासोबत तो डबा दिला. एक म्हातारा टेम्पोमागे बांधापर्यंत चालत आला होता. मानसिंगचे शब्द असे, "माझं हाय ते, माझं हाय, असं म्हनत हुता. बाई म्हनाली, त्याला काय कळत न्हाय, तू जा. मग मी गेलो." एवढे बोलून त्याने सुयोगकडे पाहिले व नंतर पाहिले नाही.

सुयोगने त्याला काही केले नाही. तो मोटारसायकलवर बसला, पण त्याला किक मारता येईना. ती शेवटी साहेबांनी मारून दिली.

सुयोग लासुर्ण्याला जाऊन आईला घेऊन आला. आम्ही सर्व उन्हे उतरायच्या वेळी त्या बागेत पोहोचलो. बागवाल्याने सांगितले की, मागील वर्षी हा माणूस रस्त्याच्या कडेला ताप येऊन पडला होता. गाव सांगता येत नव्हते, म्हणून ठेवून घेतले. जेवण देतो, तो झेपेल ते काम करतो. घड्याळ बंद पडल्यावर त्याने खिळ्याने ते स्वतःच उघडले, पण परत बसवता आले नाही. ते तुकडे डब्यात होते. बागवाल्याने पोलिसांना का कळवले नाही, याबाबत मला माहिती नाही.

कुंडलिक वाबळे हे बागेच्या खालच्या अंगाला पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी बसलेले होते. दाढी वाढलेली होती. अंग वाळलेले होते. सुयोग पुढे गेला व म्हणाला, "आबा." ते म्हणाले, "मालक वर हायत. कोण पायजे तुमाला?"

सुयोग तिथेच थांबला.

कुशाबाई पुढे गेल्या. म्हणाल्या, "अवं, घरी चला."

वाबळे यांनी बराच वेळ कुशाबाईंकडे पाहिले. ओळखले की नाही, ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "पानी सोडलंय. झाडांच्या दोन वळी राहिल्यात. झाल्यावर येतो."

कुशाबाई म्हणाल्या, "होऊ द्या." व त्यांच्या शेजारी मातीत बसल्या. पाणी पूर्ण होईपर्यंत आम्ही बाकीचे बांधावर थांबलो. सुयोग झाडाच्या पलीकडे तोंड करून उभा होता. पाणी झाल्यावर कुंडलिक वाबळे यांनी व्हॉल्व्ह बंद केला, हात धुतले व कुशाबाईंच्या मागे चालत गाडीत येऊन बसले.

त्याच दिवशी कन्हेरीतील शेजाऱ्यांनी शेळके सरांचे घर बंद असल्याचे सांगितले. त्यांचे सोलापूरचे मित्र म्हणाले की, ते तिकडे आलेच नाहीत. फुगवट्यावरच्या एका नावाड्याने त्यांची दुर्बीण पोलिसांत जमा केली. ते काठावरच्या ओल्या खडकावरून घसरले असावेत, असे पोलिसांचे म्हणणे आहे. माझा कोणावर संशय नाही. त्यांचे एक चुलत पुतणे नाशिकला आहेत. पोलिसांनी त्यांना फोन केला असता, येणे जमणार नाही, तिकडेच उरकून घ्या, हरकत नाही, असे त्यांनी लेखी कळवले आहे.

आज सकाळी मी प्रेत ताब्यात घेण्यासाठी आले. मी रक्ताची नातेवाईक नसल्याने कागद कसे करायचे याचा विचार चालू होता. मी अग्नी देण्यास तयार होते. माझे पती इंद्रजित सोबत होते.

त्या वेळी कुशाबाई व सुयोग दारात आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. कुशाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला व साहेबांना म्हणाल्या, "ते माणूस आमच्याकडं द्या."

साहेब म्हणाले, "आजी, तुमचे मालक तर घरी आलेत. हे दुसरे गृहस्थ आहेत."

कुशाबाई म्हणाल्या, "ठावं हाय मला. ते घरी जेवून झोपल्यात. पर चार दिस मी ह्या माणसासाठी रडले. माझंच म्हनून रडले. आता नाव दुसरं निघालं, म्हनून ते रडनं माघारी घेऊ व्हय? त्यांना कुनी न्हाय, असं नका म्हनू."

साहेबांनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुझी ना न्हाय ना? तू पुढं ऱ्हा. आमी मागं येतो."

मी त्यांना ना म्हणाले नाही.

सुयोगने खिशातून पेन काढले व विचारले, "साहेब, खांदा द्यायला मी हाय. सही कुठं करायची?"

प्रेत मला व वाबळे कुटुंबीयांना मिळून ताब्यात देण्यास माझी संमती आहे. दुपारी अंत्यविधी करणार आहोत.

मी सांगितलेले वरील सर्व टाइप करून मला मोठ्याने वाचून दाखवले आहे. मध्ये मी एकदा थांबायला सांगितले, तो भाग पुन्हा वाचला. त्यात मला काही बदलायचे नाही. जे घडले व जे मी बोलले तेच यात आहे.

सही/-
संस्कृती इंद्रजित ननवरे

समक्ष,
पोलीस उपनिरीक्षक