बारा मेंढ्या

(धावडा गाव. मेंढ्यांच्या वाड्यापाशी भागवत आणि जालन्याहून आलेली त्याची बहीण शालू. बाप, कडूबा, वाड्याच्या आत.)

भागवत: तूच सांग त्यान्ला. डोक्यात काहीतरी बिघाड झालाय. उद्या परत दवाखान्यात नेतो.

शालू: कसला बिघाड? वरीसभर आबांला माझं नाव येत नव्हतं. काल फोनवर दोन्ही पोरांचे वाढदिवस सांगितले. डॉक्टर बी म्हणला, मानेतली नस साफ केली, मेंदूला रगत बराबर जाऊन राह्यलं.

भागवत: रगत जातंय, पण संशय भरलाय. बारा मेंढ्या आपल्या न्हाईत म्हणतात.

शालू: आहेत का आपल्या?

भागवत: कानाची खूण बघ ना. आपल्याच घरची.

कडूबा: खूण आपली. काप नवा हाय.

भागवत: काट्यानं चिरला असंल, आबा.

कडूबा: बाराच्या बारा कान? शालू, हाक मारली तर येईनात त्या.

भागवत: ऑपरेशननं तुमचा आवाज बसलाय. वळखीनात.

कडूबा: बाकीच्या तीस आल्या की पळत. त्याच आवाजाला.

शालू: दादा, इकडं बघ. इकल्या तू?

भागवत: न्हाई.

शालू: मंग दवाखान्यात कशाला न्यायचंय? येडे ठरवायला?

भागवत: हळू बोल. मेल्या त्या. कोवळ्या ज्वारीत शिरल्या, किराळ लागली, कोंबातलं ईख भिनलं. तासाभरात बारा आडव्या. आबा रोज एकेकीवर हात फिरवायचे, म्हणून तेवढ्याच दुसऱ्या आणून खूण केली.

कडूबा: ऑपरेशन मानेचं झालंय भागवत, कानाचं न्हाई. ऐकू येतं मला.

शालू: मंग सांगायचं की. लपवण्यासारखं काय त्यात?

कडूबा: ज्वारीत कोणी घातल्या?

भागवत: मी. मोबाईल बघत बसल्तो. ध्यान न्हवतं.

कडूबा: कवा?

भागवत: दसऱ्याच्या आधी.

कडूबा: दसऱ्याच्या आधी तू एमआयडीसीत व्हता. दिवसपाळीला. खोली बी तिकडंच केल्ती.

भागवत: त्या दिवशी घरी आल्तो.

शालू: आबा, चला. च्या ठिवते.

कडूबा: थांब. मेंढ्यांमागं तवा मीच जायचो.

भागवत: तुमचं डोकंच जाग्यावर नव्हतं तवा, आबा. तुमी कशाला मनाला लावून घेता?

कडूबा: आता जाग्यावर आलंय ना.