किडके बटाटे मागणाऱ्या सुजाताबाई

ही सभा बोलावणारे मिलिंदभाऊ, सुजाताबाईंच्या आई, आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

माइकसमोर उभं राहायची मला सवय नाही. घरून चार ओळी लिहून आणल्या होत्या. इथे बाईंचा फोटो पाहिला आणि त्या ओळी वाचवेनात. म्हणून आठवतं तसंच सांगतो.

मी वासुदेव. नागभीडकडचा शेतकरी. या वरोऱ्यात माझं नात्याचं कुणी नाही. तरी बाई गेल्याचा फोन आला, त्या दिवशी आमच्या गावात कुणी शेतावर गेलं नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंसाठी गाव का थांबलं, ते तुम्हाला सांगायला आलो आहे.

धान निघालं की आम्ही बटाटा लावतो. काही वर्षांपूर्वी त्यात अळी शिरली. वरून बटाटा चांगला, डोळ्याजवळ काळी घाण, आणि कापला की आत भुयार. त्या अळीची पुढे राखाडी पाकोळी होते, नखाएवढी. मग शेजारच्या गावांतही ती दिसली, आणि बोभाटा झाला की कीड आमच्या गावातून पसरली. बाजारात आमची पोती कुणी उतरवून घेईना. माझी बायको कमल दिवसभर बसून पोतं तसंच परत घेऊन आली. एका बाईनं तिला शेजारी बसूसुद्धा दिलं नव्हतं. कीड लागली बटाट्याला, वाळीत पडलो आम्ही.

तेव्हा सुजाताबाई आल्या. एसटीतून उतरल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत काचेच्या छोट्या बाटल्या. म्हणाल्या, "किडके बटाटे द्या मले. चांगले नोका देऊ."

कमल म्हणाली, "बाई, आमचे तं चांगलेही कोणी घेऊन नाई राह्यलं."

मी विचारलं, "तुम्ही आमच्या बाजूच्या आहात ना?"

"नाई, भाऊ. कीड तुमच्या गावातून गेली असंन, तं मी तसंच सांगीन. पण आधी तुमाले सांगीन."

मला ते आवडलं नाही. तरी बटाटे दिले.

त्या अळ्या त्यांनी वाढवल्या. पाकोळ्या झाल्या की स्पिरिटमध्ये ठेवल्या, बाटलीवर गावाचं नाव लिहिलं. शेजारच्या गावांतून आणल्या, वरोऱ्याच्या बाजारातून आणल्या, बाहेरून आलेल्या बियाण्याच्या पोत्यांतून आणल्या, पार हेमलकशाच्या जंगलाकडच्या परसबागांतून आणल्या. दिसायला सगळ्या सारख्याच. पण त्यांची जनुकं तपासली की कोण कुणाच्या जवळची ते कळतं, असं त्यांनी आम्हाला समजावलं होतं.

निकाल पुढच्या हंगामाआधी यायचा होता. आला नाही. बाई स्वतः सांगायला आल्या. "दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. चूक माझी आहे. हेमलकशाकडे परत जा लागते."

मी भडकलो. "दोन बाटल्यांनं काय बिघडते, बाई? कोणाले समजते?"

"मले समजते," त्या म्हणाल्या.

मी आणखी बरंच बोललो. आमचा हंगाम जातो, तुमचं काय जातं, असंही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. कमलनं दिलेला चहा संपवला आणि बस धरायला गेल्या. त्या थंडीत त्या पुन्हा जंगलात जाऊन आल्या.

मग एका बाजाराच्या दिवशी त्यांनी चार गावांचे शेतकरी आणि व्यापारी एकत्र बसवले. त्याआधी, कबूल केल्याप्रमाणे, सकाळी आमच्या गावात येऊन आम्हाला सांगितलं. बाजारात काय म्हणाल्या? म्हणाल्या, जंगलाकडची पाकोळी वेगळ्या गोताची आहे. शेजारच्या गावांत असे प्रकार सापडले, जे वासुदेवभाऊंच्या गावात नाहीतच. बियाण्याच्या पोत्यांत मात्र आहेत. या गावातून कीड गेली असती, तर ते प्रकार कुठून आले? पाकोळी लांब उडत नाही. ती पोत्यात बसून आली. आणि यांच्याही गावात आली.

एका व्यापाऱ्यानं विचारलं, "एवढ्याशा पाकोळीवरून हे कसं सांगता?" बाईंनी खडूनं फरशीवर आकृत्या काढल्या. त्याला पटेपर्यंत बोलल्या. मग तोच उठला, माझ्याजवळ आला. "उतरवा पोती," म्हणाला.

कमल बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या शेजारच्या बाईनं आपली टोपली सरकवून तिला जागा दिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, मंडळी.

आज चारही गावांत बियाणं कापून पाहिल्याशिवाय कुणी लावत नाही. बटाटा मातीनं झाकून ठेवतात. कीड संपली नाही, पण आता ती कुणाच्या गावाच्या नावानं ओळखली जात नाही.

मागच्या भेटीत मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचं बरोबर होतं, वासुदेवभाऊ. माझंही बरोबर होतं."

आई, तुमच्या लेकीनं आमची बाजू घेतली नाही. खरं काय ते शोधलं, आणि ते चुकू नये म्हणून आमच्या शिव्या खाल्ल्या. अशी बाई आमच्या ओसरीवर बसून गेली, याचा आम्हाला अभिमान आहे. तुम्हाला किती असेल?

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्याआधी एक निरोप. आमच्या गावात आम्ही राम राम म्हणतो. पण निघताना गावानं मला बजावून पाठवलं, की बाईंना त्यांच्या घरचा नमस्कार कर.

सुजाताबाई, सगळ्या गावाचा तुम्हाला जयभीम.